लोबानबाईंचं ‘छान’

मंगळवार, १२ फेब्रुवारी २००२. स्थळ: एनिस गावातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर, चिनी टेकअवेच्या बरोबर वर. हजर: मी, माझा नवरा (अर्ध्या दिवसाची रजा), आमची मुलगी, वय सहा, घरमालक, आणि खालच्या टेकअवेच्या मालकीण, ज्यांना आम्ही लोबानबाई म्हणायचो. गैरहजर: कोणी नाही. विषय: छताला आलेली ओल.

ही नोंद माझ्या त्या वर्षीच्या वहीतली आहे. तेव्हा मला आयर्लंडमध्ये नोकरी करायची परवानगी नव्हती. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको, एवढीच माझी कागदोपत्री ओळख. पुण्यात बारा वर्षं बँकेत काम केलेल्या बाईला असं रिकामं बसवलं की ती वह्या भरते. मीही भरल्या. दुरुस्त्यांची एक, मुलीच्या शाळेची एक, आणि कोण कधी भेटलं, काय ठरलं याची एक. त्यामुळे त्या मंगळवारी मी जो घोटाळा केला, त्याचा पुरावा माझ्याच अक्षरात आहे.

पण आधी लोबानबाईंबद्दल सांगायला हवं, नाहीतर घोटाळा कळणार नाही.

आम्ही राहायला आलो त्या दिवशी बॅगा वर चढवत असताना खालून आचाऱ्याची हाक ऐकू आली, ‘लोबान-न्यांग’. दुकानाच्या कोपऱ्यात लाल देव्हारा होता आणि त्यात उदबत्त्या. मी नवऱ्याला म्हटलं, “लोबान मागतोय बहुतेक. धार्मिक माणसं दिसतात.” नवरा म्हणाला, “चला, शेजार चांगला मिळाला.” त्या शब्दाचा कँटोनीज भाषेत अर्थ ‘मालकीणबाई’ असा होतो, हे कळायला तीन महिने गेले. तोवर आमच्या घरात त्या लोबानबाई झाल्या होत्या आणि नाव बदलण्यात काही फायदा नव्हता. त्यांनीही माझं नाव कधी विचारलं नाही. मी ‘अपस्टेअर्स’. माझी मुलगी ‘स्मॉल अपस्टेअर्स’. नवरा ‘ऑफिस अपस्टेअर्स’.

साठीच्या आसपास वय, उंची माझ्या खांद्याइतकी. वारलेल्या नवऱ्याचा निळा पावसाळी कोट त्या बारा महिने घालायच्या, भट्टीसमोरही. डाव्या हातावर मनगटापासून जवळपास कोपरापर्यंत रबरबँड. पोस्टमन पत्रांच्या गठ्ठ्याला लावतो ते, कांद्याच्या पातीच्या जुडीचे, औषधाच्या दुकानातले. वर्षानुवर्षं त्यांनी रबरबँड विकत घेतला नव्हता, आणि दुकानातला प्रत्येक डबा रबरबँड लावूनच जायचा. त्यांच्या छोट्या गाडीत चालकाशेजारची सीट नव्हती. तिथे तांदळाची पोती बसायची. मी एकदा त्यांच्याबरोबर लिमरिकला गेले ती पोत्यावर बसून. “सीट म्हणजे रिकामी जागा,” त्या म्हणाल्या. “भात म्हणजे भात.” (त्यांचं इंग्रजी मी इथे मराठीत देते आहे. क्रियापदं त्या फारशी वापरत नसत, म्हणून मीही वापरत नाही.)

वीस मिनिटं हे त्यांचं काळाचं एकमेव माप. फोनवर कोणी एक प्लेट चिप्स सांगो की बारा माणसांचं जेवण, उत्तर एकच: “ट्वेंटी मिनिट, लव्ह.” त्यांची मँचेस्टरची बहीण कधी येणार असं विचारलं, तरी “ट्वेंटी मिनिट”. ती दीड वर्षाने आली.

आणि गिऱ्हाइकांची नावं त्यांना माहीत नव्हती. त्यांना पदार्थ माहीत होते. मेनूवर प्रत्येक पदार्थाला आकडा होता आणि अख्खं गाव त्या आकड्यांनीच त्यांच्या डोक्यात बसलेलं होतं. शाळेच्या मुख्याध्यापिका ‘सदतीस, मटार नको’. पोलीस ठाण्यातला सार्जंट ‘थ्री-इन-वन’, म्हणजे एकाच डब्यात भात, चिप्स आणि वरून करी सॉस. गावात कोणी गेलं की लोबानबाई चर्चमध्ये हजर, निळ्या कोटात, मागच्या बाकावर. मी एकदा सोबत गेले. शवपेटी समोरून नेताना त्या माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, “बेचाळीस, कांदा जास्त. फार चांगला माणूस.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

एनिसमध्ये अठरा वर्षं राहून त्यांचं इंग्रजी तिथल्या क्लेअर परगण्याचं झालं होतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला मीठ आणायला आत पाठवलं, “इन द प्रेस.” मी इस्त्री शोधत बसले. तिथे कपाटाला प्रेस म्हणतात. पंधरा मिनिटांनी मी इस्त्री नसल्याचं सांगायला बाहेर आले तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की आजही तोंडात मीठ येतं.

तर ‘छान’.

राहायला आल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी आचाऱ्याबरोबर वर एक डबा पाठवला. भाज्या घातलेला परतलेला भात. आपल्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मी डब्यात शिरा घातला आणि स्वतः खाली नेऊन दिला. त्यांनी उभ्या उभ्या एक घास खाल्ला. मी अंगठा आणि बोट जुळवून विचारलं, “छान?” त्यांचा चेहरा उजळला. “छान,” त्या म्हणाल्या. “छान, छान.” मी वर येऊन नवऱ्याला सांगितलं, “किती पटकन शब्द उचलला बघ बाईंनी.”

दोन दिवसांनी पुन्हा डबा आला. मी पोहे घालून परत केला, आणि त्यांच्या भाताचं कौतुक म्हणून म्हटलं, “छान हं.” दुसऱ्या दिवशी डबा मोठा झाला. त्यानंतर दीड वर्ष तो डबा जिन्यावरून वर-खाली होत राहिला. मुलगी शाळेतून यायची ती थेट त्यांच्या काउंटरला टेकून उभी राहायची. तिथल्या सगळ्या मुलांसारखी तीही जरा भूक लागली की म्हणायची, “आयॅम स्टार्व्हिंग.” मी ओरडायचे, “अगं, सकाळी दोन थालीपीठं खाल्लीस ना?” पण ते मराठीत. लोबानबाईंना त्यातलं इंग्रजी तेवढं कळायचं.

धंदा कसा चाललाय, असं कोणी विचारलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. सार्जंटने विचारलं तरी तेच, पोस्टमनने विचारलं तरी तेच: “छान वन छान सिक, छान छान छिंग.” चालीत म्हणायच्या, लहान मुलांच्या गाण्यासारखं. मला वाटायचं, माझा शब्द त्यांनी आपल्या भाषेत घोळून घेतला. चार वेळा छान. इतका समाधानी व्यावसायिक मी पुण्यात पाहिलेला नव्हता.

आता तो मंगळवार. मंगळवारी टेकअवे बंद असायचं. त्या दिवशी चिनी नवं वर्ष होतं आणि योगायोगाने गावात ख्रिस्ती उपवासांच्या आदल्या दिवशीचा पॅनकेकचा सणही. लोबानबाई तांदळाच्या पिठाची, गूळ घालून वाफवलेली मोठी वडी घेऊन वर आल्या होत्या. घरमालक छताची ओल बघायला आले होते. मोठ्या रस्त्यावर त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. उंच, मान पुढे काढून चालणारा सत्तरीचा माणूस. (मेनूप्रमाणे अठरा, लसूण नको.) त्यांनी ओलीकडे बराच वेळ आदराने पाहिलं, आणि दरवेळी म्हणायचे ते म्हणाले, “मी पाहिलेल्या ओली याहून वाईट होत्या.” मग लोबानबाईंकडे वळून विचारलं, “आणि खाली धंदा कसा, मिसेस?”

लोबानबाईंनी ताठ उभं राहून त्यांच्या डोळ्यांत बघत म्हटलं, “छान वन छान सिक, छान छान छिंग,” आणि वडी कापायला सुरी आणायला खाली गेल्या.

“तुमची ती बाई काय म्हणाली?” घरमालकांनी मला विचारलं.

मी उत्साहाने सांगितलं. वहीत लिहिलेलंच आहे: ‘घ.मा.ना छानचा अर्थ समजावला. लव्हली, ग्रँड, एकदम उत्तम. बाई रोज असंच म्हणतात हेही सांगितलं.’

“रोज?” ते म्हणाले.

“रोज,” मी म्हटलं.

“बरं झालं कळलं,” असं म्हणून त्यांनी वडीचे दोन तुकडे खाल्ले.

पाच आठवड्यांनी लोबानबाई वकिलाचं पत्र घेऊन वर आल्या. इंग्रजी पत्रं वाचून दाखवायचं काम माझ्याकडेच असायचं. दुकानाचा करार संपत आला होता. नव्या करारात भाडं दीडपट करण्यात येत होतं, ‘धंद्याची सध्याची भरभराट लक्षात घेता’. मी वाचून दाखवलं. त्या ऐकत होत्या आणि हातावरचे रबरबँड एकेक करून खाली ओढत होत्या.

“भरभराट,” त्या म्हणाल्या. “कोण म्हणालं भरभराट?”

“तुम्हीच,” मी म्हटलं. “रोज म्हणता. छान छान छिंग.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या ओट्यावरची एक वाटी उचलली. “छान,” त्या म्हणाल्या आणि वाटीवर बोट ठेवलं. “जेवण. एक वेळचं जेवण.” मग हाताने काहीतरी गोळा केल्यासारखं केलं. “वन. कमवायचं. छान वन, एका जेवणापुरतं कमवायचं. छान सिक, तेवढं खायचं. छान छान...” त्यांनी वाटी उपडी करून ओट्यावर आपटली. “छिंग. दरवेळी साफ. काही उरत नाही.”

आपल्याकडे याला हातावर पोट म्हणतात. म्हणजे ज्या वाक्याला मी समाधान समजत होते, ते हातातोंडाची गाठ जेमतेम पडण्याचं रडगाणं होतं, आणि त्याला त्यांनी चाल लावलेली होती. नव्या वर्षाच्या दिवशी अशी गरिबीची भाषा तोंडातूनही काढायची नसते, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. पण समोर घरमालक होता. घरमालकासमोर वर्षाचा कुठलाही दिवस चालतो.

“आता?” मी विचारलं.

“आता भाडं दीडपट, दुकान बंद. मी बहिणीकडे मँचेस्टर. तिच्या सोफ्यावर.” एवढं बोलून त्या माझ्या स्टुलावर बसल्या आणि हसायला लागल्या. इतक्या, की कोटाच्या बाहीने डोळे पुसावे लागले. मला हसू येत नव्हतं. माझ्या एका शब्दाने एका बाईचं दुकान बुडायला आलं होतं. हसणं संपल्यावर त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. “अपस्टेअर्स बिघडवणार, अपस्टेअर्स दुरुस्त करणार.”

मी एक कार्ड तयार केलं. मुद्दा एक: चूक माझी, भाषांतर चुकलं. मुद्दा दोन: छान या शब्दाचा मराठीतला अर्थ, त्यामुळे गोंधळ. मुद्दा तीन: बाईंच्या वाक्याचा खरा अर्थ. मुद्दा चार: भाडं आहे तेच ठेवावं. नवरा म्हणाला, “मी येऊ का?” मी म्हटलं, “तू चांगल्या कोटात येतोस. नको.” हे मी सहज म्हणाले. पुढे ते फार उपयोगी पडलं.

हार्डवेअरच्या दुकानात घरमालक काउंटरमागे खिळे तोलत होते. लोबानबाई माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मी मुद्दा एक मांडला. मग घाबरून दोन सोडून एकदम तीनवर गेले. एका जेवणापुरतं कमवायचं, तेवढं खायचं, दरवेळी साफ. त्यांनी तराजू थांबवला.

“मग त्यातून ‘लव्हली’ कुठून काढलंत तुम्ही, मिसेस?”

मी कार्डावर मुद्दा दोन शोधत होते, तेवढ्यात लोबानबाई बोलल्या.

“हिला छान माहीत,” त्या म्हणाल्या. “छान म्हणजे जेवण, हिला पहिल्या आठवड्यापासून माहीत. रोज खाली येणार, मला विचारणार, छान? छान? मी देणार. दीड वर्ष. मुलगी काउंटरला, स्टार्व्हिंग, स्टार्व्हिंग. नवरा ऑफिस माणूस, पण घरी काही नाही. तरी हिची रीत चांगली. डबा कधी रिकामा नाही. थोडं थोडं गोड पीठ, थोडे चपटे तांदूळ, घरात असेल ते.” मग मला समजावल्यासारखं हळू म्हणाल्या, “लाज नको. सगळ्यांचं तसंच. छान छान छिंग.”

दुकानात आणखी एक गिऱ्हाईक होतं, ते खिळे न घेताच ऐकत उभं राहिलं.

मी पुण्याच्या बँकेत बारा वर्षं काढली आहेत. खोटी नोंद मी कधी केली नाही आणि कोणाला करू दिली नाही. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं: छान म्हणजे आमच्याकडे चांगलं, मी भाताचं कौतुक करत होते, आमच्या घरी पोटभर जेवण असतं. पण घरमालक माझ्याकडे बघत होते. आधी माझ्या चपला, मग स्वेटर, मग चेहरा. मग ते लोबानबाईंकडे बघत राहिले. दरवेळी वाटी साफ होणारी ही बाई दीड वर्ष वरच्या घरात डबा पाठवत होती. ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावर सावकाश चढत होतं.

मी कार्ड दुमडलं आणि पर्समध्ये टाकलं. “शब्द अजून शिकतेच आहे,” मी म्हणाले.

“माझ्या आईने,” घरमालक म्हणाले, “आम्हा नऊ जणांना पत्र्याच्या कातरणांवर वाढवलं. घरात काहीच नसलं की असं म्हणतात आमच्याकडे, मिसेस. आणि शेजारच्या घरातल्या चौघांनाही.” त्यांनी लोबानबाईंच्या हातातून पत्र घेतलं, घडी घातली आणि दीड इंची खिळ्यांच्या खणात टाकलं. “वकील तरुण आहे,” ते म्हणाले. “उतावळा आहे.”

करार जुन्याच भाड्याने झाला. बाहेर आल्यावर लोबानबाईंनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, “चांगलं बोललीस.” मी एकूण चार वाक्यं बोलले होते.

शनिवारी घरमालकांनी आमच्या दाराशी बटाट्यांचं पोतं ठेवलं. नवरा ऑफिसातून येताना त्यावर अडखळला.

“हे काय?”

“बटाटे. आपण उपाशी आहोत.”

“काय?”

मी सगळं सांगितलं. तो पायरीवर बसला. “अगं, मी टीम लीड आहे.”

“असशील. गावात तू बायको-मुलीला जेवू न घालणारा टीम लीड आहेस.”

“आणि तू ऐकून घेतलंस?”

“बाईंचं दुकान वाचलं.”

त्याने थोडा विचार केला. “ठीक आहे,” तो म्हणाला. “पण मला रविवारी चर्चजवळून जायचं नाही.” पुढचे सहा महिने त्याला औषधाच्या दुकानात लोक जरा जास्तच प्रेमाने वागवायचे. सार्जंटने त्याला एकदा बाजूला घेऊन मनापासून विचारलं, की तो घोड्यांवर पैसे तर लावत नाही ना.

आम्ही २००४ साली लिमरिकला स्वतःच्या घरात गेलो. तोवर मलाही नोकरी करता येऊ लागली होती. निघताना लोबानबाईंनी नव्या घराचा पत्ता मागून घेतला आणि घर नवऱ्याच्या ऑफिसने दिलंय का, हे मला दोनदा विचारलं. दोन वर्षांनी गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं. आपल्या इच्छेने, आपल्या तारखेला. मग मँचेस्टरला बहिणीच्या शेजारी घर घेतलं. सोफ्यावर नाही, स्वतःचं. ते त्यांना कसं परवडलं, हे मी विचारलं नाही. कोट आणि गाडी बघता मला अंदाज होता.

शेवटचे दोन महिने त्या दारात येणाऱ्या प्रत्येकाला डब्याबरोबर त्याच्या पदार्थाची कृती सांगून पाठवत होत्या. बेचाळीसच्या विधवेला त्यांनी ती तीनदा करून दाखवली.

नव्या वर्षाच्या आधी त्यांचं पार्सल येतं. यंदा, २००७ चं, दहा दिवसांपूर्वी आलं. सुकवलेले मशरूम, शेवया, तांदळाच्या पिठाची वडी, आणि सगळ्याला मिळून चार रबरबँड. त्यांना इंग्रजी लिहिता येत नाही, म्हणून सोबत भाचीच्या अक्षरात चिठ्ठी होती: ‘मावशी विचारते, तुमच्या मिस्टरांचं आता तरी बरं चाललंय का. नसेल तर लाजू नका. मुलगी वाढत्या वयाची आहे.’

मुलगी आता अकरा वर्षांची आहे. शेवया उकळत ठेवून ती म्हणाली (तिथली मुलं आईला मॅम म्हणतात), “डोन्ट टेल हर, मॅम. शी’ड स्टॉप सेंडिंग.”

नवरा म्हणाला, “निदान मी मॅनेजर झालोय एवढं तरी कळव.”

कागद घेऊन मी तीनदा बसले. खरं लिहायचं तर सुरुवात त्या शब्दाच्या आमच्या अर्थापासून करावी लागते, आणि मग त्या दीड वर्षाच्या डब्यांचं काय करायचं ते समजत नाही. खोटं लिहायचं तर नवऱ्याला पुन्हा उपाशी ठेवावं लागतं. पाकिटावर पत्ता आणि तिकीट दोन्ही आहे. आत घालायचं पत्र लिहायचं राहिलंय.